‘तोल जाऊन पडला’ : एका वाक्याची पावणेदोनशे वर्षं

तालुक्याच्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी नेहमी येते. चार ओळींची, फार तर सहा. ‘बांधकाम सुरू असलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून तोल जाऊन पडल्याने मजुराचा मृत्यू. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद. पुढील तपास हवालदार करीत आहेत.’ गाव बदलतं, नाव बदलतं, वय पंचवीस ते पंचेचाळीसच्या मध्ये कुठेतरी असतं. वाक्य मात्र तेच.

हे वाक्य एकदा नीट वाचा. तोल गेला. कुणाचा? त्याचाच. गॅलरीला कठडा होता का, परांचीवर फळी एक होती की तीन, डकचं भोक झाकलं होतं का, हाताशी असलेली सळई वरच्या विजेच्या तारेपासून किती लांब होती, यातलं काहीच त्या वाक्यात मावत नाही. तपास पुढे चालू असतो, पण निकाल पहिल्याच ओळीत लागलेला असतो.

मग चौकात चर्चा. ‘हेल्मेट घालतच नाहीत हो हे लोक.’ ‘पिऊन चढला असेल.’ ‘किती सांगा, ऐकतात का?’ बोलणारी माणसं वाईट नसतात. पण हे बोलणं त्यांच्या तोंडी आलं कुठून, याचा एक इतिहास आहे, आणि तो बराच जुना आहे. वीसेक वर्षं तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करताना हा प्रश्न मला सारखा पडत आला, म्हणून जमेल तसं वाचत गेलो. ते आज एकत्र मांडतोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

१. घाट

आपल्याकडच्या मोठ्या बांधकामाची सुरुवात शोधायची तर बोरघाटात जावं लागतं. मुंबई-ठाणे रेल्वे 1853 साली धावली. पुण्याकडे यायचं तर सह्याद्री फोडायला हवा होता. 1856 ते 1863 या काळात खंडाळ्याचा घाट रेल्वेसाठी तोडला गेला. 25 बोगदे, दऱ्यांवरचे उंच पूल. काम भरात असताना चाळीस हजारांवर माणसं तिथे राबत होती. जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे माणसांना दोरानं कड्यावर सोडायचे, ते लोंबकळत दगडाला भोकं पाडायचे, मग त्यात सुरुंग.

किती माणसं मेली? पंचवीस हजारांपर्यंतचे अंदाज केले गेलेत. त्यात सुरुंगानं आणि पडून मेलेले होते, पण सगळ्यात जास्त माणसं पटकी आणि तापानं नेली. म्हणजे साध्या पिण्याच्या पाण्यानं. किती दगड फोडला, किती पूल बांधले, याचे आकडे कागदोपत्री मिळतात. ठेकेदारांची नावंही मिळतात. फॅव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदारानं काम सुरू केलं आणि 1859 मध्ये सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो आल्यावर काही दिवसांतच मेला, आणि त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, ठेका पुढे नेऊन पुरा केला. ॲलिसबाईंचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण दोरावर लोंबकळणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव तुम्ही कधी ऐकलंय?

1859 सालीच घाटात मजुरांचा दंगा झाला. कारण सुरक्षा नव्हतं, थकलेली मजुरी होतं. त्यानंतर 1860 मध्ये मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटनं झटपट मिटवायचा कायदा झाला. पण त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे 1859 मध्ये, आणखी एक कायदा झाला होता, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. उचल घेऊन काम सोडून जाणाऱ्या कामगाराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी देणारा. उचल हा शब्द कुठल्याही वीटभट्टीवर आणि बांधकामावर आजही रोज ऐकू येतो. तर उचल बुडवली म्हणून मजुराला तुरुंगात टाकणारा हा कायदा 1925 पर्यंत पुस्तकात होता. धोका दिसला तरी काम सोडून जायचं नाही, ही ‘वर्तणूक’ आपल्या मजुराला कायद्यानंच शिकवली, आणि ती साठ-पासष्ट वर्षं शिकवली.

२. खाटकाचा पोऱ्या

आता थोडं इंग्लंडला जाऊ, कारण आपले कोर्टकचेरीचे विचार तिथूनच आले.

1837 साली तिथे एक खटला गाजला. प्रिस्टली विरुद्ध फाउलर. फाउलर हा खाटीक, प्रिस्टली त्याच्याकडे कामाला असलेला पोरगा. मटण पोचवायला गाडी निघाली, ती क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती. गाडी मोडली आणि पोराची मांडी मोडली. ज्युरीनं त्याला 100 पौंड भरपाई दिली. वरच्या न्यायाधीशांनी ती काढून घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गाडी किती भरली आहे हे मालकाइतकंच, कदाचित मालकापेक्षा जास्त, नोकराला दिसत होतं. धोका दिसत असून तो बसला. मग जबाबदारी मालकाची कशी?

पुढे यातून आणि अशाच निकालांतून मालकांच्या हाती तीन ढाली आल्या. पहिली, सोबतच्या कामगाराच्या चुकीनं लागलं तर मालक जबाबदार नाही. दुसरी, धोका माहीत असून काम पत्करलं म्हणजे धोकाही पत्करला. तिसरी, जखमी झालेल्याची स्वतःची थोडी जरी चूक असली तरी दावा गेला. त्यातली दुसरी ढाल आपल्या चौकातल्या चर्चेशी ताडून बघा. ‘माहीत होतं ना त्याला, मग चढला कशाला?’ हे वाक्य पावणेदोनशे वर्षं जुनं आहे आणि ते एका न्यायाधीशाच्या तोंडून निघालंय.

का चढला, याचं उत्तर तेव्हाही एकच होतं. नाही चढला तर दुसरा चढेल, आणि संध्याकाळी याच्या घरी चूल पेटणार नाही.

हिंदुस्थानात 1855 साली अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दिवाणी दावा लावता यावा म्हणून कायदा झाला होता. पण दिवाणी दावा म्हणजे वकील, स्टॅम्प, तारखा. घमेलं उचलणाऱ्याची विधवा कुठल्या कोर्टाची पायरी चढणार होती?

३. 1923

मोठा बदल झाला तो 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानं. 1 जुलै 1924 पासून तो लागू झाला. यात पहिल्यांदा एक गोष्ट सांगितली गेली : कामावर, कामामुळे इजा झाली तर भरपाई द्यायची. मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. बोटांपासून डोळ्यांपर्यंत प्रत्येक अवयवाचे टक्के ठरवून दिले. आजच्या तक्त्यात अंगठा गेला तर 30 टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असेल तर 40 टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण आधी तेवढंही नव्हतं.

त्या कायद्यात सबबीही होत्या. कामगार नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं, तर मालक सुटतो. मात्र आज आणि गेली अनेक दशकं हे कलम असं आहे की कामगाराचा मृत्यू झाला असेल तर या सबबी चालत नाहीत. 1995 च्या दुरुस्तीनंतर कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तरी चालत नाहीत.

हे पुन्हा वाचा. ‘पिऊन चढला होता’ हे खरं असलं, तरी माणूस मेला असेल तर भरपाई द्यावीच लागते. गावात मात्र मयताच्या घरच्यांना पहिलं वाक्य हेच ऐकवलं जातं, की तो प्यायलेला होता, केस केलीत तर तुम्हालाच काही मिळायचं नाही. आणि दोन लाखांत, कधी अंत्यविधीच्या खर्चात, ‘मिटवलं’ जातं.

बांधकामाच्या बाबतीत या कायद्यालाही मोजपट्टी होती. इमारत किती मजल्यांची, किती फूट उंच, यावर कामगार यादीत बसणार की नाही हे ठरायचं. मोजपट्टी लावून छोट्या कामाला दाराबाहेर ठेवायची सवय तेव्हापासूनची आहे. पुढे ती दिसेलच. सोबतच्या कामगाराच्या चुकीची ती जुनी ढाल काढायला तर 1938 साली वेगळा कायदा करावा लागला.

४. 88 टक्के

‘कामगाराचीच चूक’ या समजुतीला शास्त्राचा शिक्का बसला तो 1931 साली, अमेरिकेत. हर्बर्ट हाइनरिक नावाचे गृहस्थ एका विमा कंपनीत होते. त्यांनी सुमारे 75,000 अपघातांची प्रकरणं तपासली आणि पुस्तक लिहिलं. निष्कर्ष असा : 88 टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यानं, 10 टक्के असुरक्षित परिस्थितीनं, 2 टक्के टाळता न येणारे.

हा आकडा जगभर गेला. सुरक्षेच्या प्रशिक्षणात, भिंतीवरच्या फलकांत, भाषणांत तो किंवा त्याची भावंडं अजून भेटतात. पण ती प्रकरणं लिहिली कुणी होती? काही विमा दाव्यांच्या फायली होत्या, बाकीच्या कारखान्यांच्या स्वतःच्या नोंदी. म्हणजे अपघाताचं कारण लिहिणारा सुपरवायझर. सुपरवायझर काय लिहिणार, की माझ्या साहेबानं कठडा लावला नाही म्हणून माणूस पडला? तो लिहिणार, कामगार निष्काळजी होता. नंतरच्या काळात सुरक्षा क्षेत्रातल्याच जाणकारांनी या आकड्यांवर सडकून टीका केली. हाइनरिक यांनी स्वतः यंत्राला संरक्षक जाळी बसवण्याबद्दलही पुष्कळ लिहिलं होतं. लोकांनी लक्षात ठेवला तो 88.

आपल्याकडे 4 मार्च 1966 ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. 1972 पासून 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतात. शपथ घेतली जाते, बॅज लावले जातात. कार्यक्रम चांगलाच आहे. पण शपथ कोण घेतो ते बघा. कामगार घेतो. ठेकेदारानं आणि मालकानं कठड्याची शपथ घेतल्याचा फोटो माझ्यापर्यंत अजून आलेला नाही.

५. जाळी

आता त्याच अमेरिकेतली, त्याच दशकातली दुसरी गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल, 1933 ते 1937. तेव्हा पुलाच्या कामात ठराविक खर्चामागे एक माणूस मरणारच असा उघड हिशेब असायचा. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी तिथे दोन गोष्टी केल्या. कडक टोपी, म्हणजे आजच्या हेल्मेटची आजी, सक्तीची केली. आणि पुलाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळी बांधली. तिला तेव्हाचे लाखाच्या वर डॉलर लागले.

त्या जाळीनं 19 माणसं झेलली. 17 फेब्रुवारी 1937 ला एक जड मचाण कोसळून जाळीसकट खाली गेलं आणि एका दिवसात 10 जण मेले, हेही त्याच पुलाच्या इतिहासात आहे.

त्या 19 जणांत कुणी निष्काळजी असेल, कुणाला रात्रीची झोप नसेल, कुणी मस्तीखोरही असेल. जाळीनं विचारलं नाही. मला या सगळ्या वाचनात सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. माणूस चुकतो, हे धरूनच जागा बांधायची असते. पडायचंच नाही असं सांगून कुणी पडायचं थांबत नाही.

ब्रिटननं 1994 मध्ये नियम केले आणि सुरक्षेची जबाबदारी काम करून घेणारा आणि नकाशा काढणारा यांच्यापर्यंत नेली. 2015 मध्ये ते नियम घरगुती कामांनाही जोडले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकचं सगळं बांधकाम एकाही कामगाराचा जीव न जाता पुरं झालं. तिथले कामगार काही देवदूत नव्हते.

६. एशियाड ते 1996

आपल्याकडे बांधकाम कामगार देशाच्या नजरेत आला तो 1982 च्या दिल्ली एशियाडमुळे. स्टेडियम, उड्डाणपूल रातोरात उभे राहत होते. तिथल्या मजुरांच्या हालांबद्दल एका नागरी हक्क संघटनेनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं ते याचिका म्हणून घेतलं. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालात दोन मोठ्या गोष्टी आल्या. किमान वेतनापेक्षा कमी देणं ही वेठबिगारीच. आणि बांधकाम हे धोक्याचं काम आहे, तिथे 14 वर्षांखालचं मूल चालणार नाही. तोपर्यंत बालकामगारांच्या 1938 च्या कायद्याच्या यादीत बांधकामाचं नावच नव्हतं!

त्यानंतर संघटनांनी देशभर मोहीम चालवली, आणि 1996 साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. सोबत उपकराचा कायदा. बांधकाम खर्चाच्या एक टक्का रक्कम कामगार कल्याणासाठी. महाराष्ट्रानं त्याचे नियम करायला 2007 साल उजाडलं. अकरा वर्षं. माथाडींसाठी 1969 मध्येच देशाला दिशा दाखवणारा कायदा करणारं हेच राज्य.

उपकराचं पुढे काय झालं? 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं की काही ठिकाणी या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचं दाखवलंय. न्यायमूर्तींनी कपाळाला हात लावला. 2018 च्या निकालात कामगारांच्या नावावर पैसा गोळा होतो आणि त्यांच्यापर्यंत पोचत नाही, यावर न्यायालयानं कडक बोल सुनावले.

७. दहाचा आकडा

आता आपल्या गल्लीत या. 1996 चा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कामाला लागू. आणि स्वतःच्या राहत्या घराचं काम 10 लाखांच्या आत असेल तर नाही. 2020 साली मंजूर झालेली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता बघितली, तर दहाचा आकडा कायम, आणि राहत्या घराची मर्यादा 10 लाखांवरून 50 लाख.

50 लाख! तालुक्याच्या गावात 50 लाखांत काय बांधून होतं ते तुम्हाला माहितीये. तळमजला, वर दोन मजले, पुढे दोन गाळे काढायचा मोह. म्हणजे आमच्यासारख्या गावातलं बहुतेक बांधकाम या सुरक्षा नियमांच्या कुंपणाबाहेर.

शिवाय छोट्या कामावर दहा माणसं एका नावावर असतात कुठे? गवंड्याचे चार, सेंट्रिंगवाल्याचे पाच, फॅब्रिकेटरचे दोन, प्लंबर, लाईटवाला. प्रत्येकजण उक्तं काम घेऊन आलेला. स्लॅबच्या दिवशी पंचवीस-तीस माणसं उभी असतात, पण कागदावर दहा कधीच होत नाहीत.

फौजदारी कायद्याचीही गंमत बघा. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेल्या निष्काळजीपणाला शिक्षा ठेवली होती. बांधताना, हा शब्द त्या कलमात नव्हता. तो आला 1 जुलै 2024 पासून, भारतीय न्याय संहितेच्या कलम 290 मध्ये. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. निष्काळजीपणानं जीव गेला तर कलम 106 आहे, पाच वर्षांपर्यंत. पण अकस्मात मृत्यूची नोंद तिथपर्यंत पोचायला कुणीतरी प्रश्न विचारावा लागतो.

मोठ्या दुर्घटना आपल्याला आठवतात. 4 एप्रिल 2013, मुंब्र्याची लकी कंपाउंड इमारत. काही आठवड्यांत सात मजले चढवलेली, 74 जण गेले, त्यात तिथेच राहणारी मजुरांची कुटुंबं होती. 29 जून 2019, पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. 15 मेले. मध्यरात्र उलटून गेली होती. झोपलेल्या माणसाचा तोल कसा गेला म्हणायचा?

छोट्या कामांवर एकेक जण जातो. त्यामुळे कुठलीच तारीख लक्षात राहत नाही.

८. चुंबळ आणि हेल्मेट

‘पण हेल्मेट घालत नाहीत हे तर खरं आहे ना?’ खरं आहे. म्हणून कारणंही बघू.

सकाळी नाक्यावरून आणलेली बाई दिवसभर डोक्यावर घमेलं वाहते. डोक्यावर चुंबळ असते. चुंबळीखाली हेल्मेट बसत नाही, हेल्मेटवर घमेलं टिकत नाही. तिला हेल्मेट घाल म्हणणं म्हणजे काम करू नको म्हणणं. उपाय आहे, छोटी लिफ्ट किंवा कप्पी लावायची. पण बाईची हजेरी लिफ्टच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडते.

मिस्त्रीला बेल्ट दिला. हूक अडकवायचा कशाला? वर ना दोर, ना पक्की नळी. बांबूला अडकवला तर बांबूसकट खाली. न अडकवलेला बेल्ट म्हणजे कमरेचा दागिना.

काम उक्तं असतं. जेवढ्या लवकर उरकेल तेवढी पुढची ऑर्डर. फळी सरकवून नीट बांधायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी देत नाही. नाक्यावरून आलेला माणूस आज इथे, उद्या दुसरीकडे. कुठला मजला कच्चा आहे, तार कुठून गेलीय, हे त्याला कोण सांगणार? दुपारी खालच्या सळईला लुगड्याची झोळी बांधून मूल झोपवलेलं असतं, आईचं निम्मं लक्ष तिकडे.

जुन्या मिस्त्रींशी बोललं की एक वाक्य हमखास येतं, ‘तीस वर्षं असंच काम केलं, काय झालं?’ यात मिजास आहे, दारूही काही ठिकाणी आहे, ते मी झाकत नाही. पण ज्यांना काही झालं ते नाक्यावर बोलायला उरलेले नाहीत.

मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो. त्यासाठी नोंदणी लागते, नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला, आणि दाखल्यासाठी कुणाच्या तरी पायऱ्या. संचातलं हेल्मेट बऱ्याच घरांत खुंटीला टांगलेलं दिसतं. हेल्मेट वाटणं सोपं असतं, फोटो चांगला येतो. कठडा वाटता येत नाही.

९. हिशेब

घरच्यांना कायद्यानं काय मिळायला हवं ते एकदा आकड्यांत बघू, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. सूत्र असं : महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. मजुरी जास्तीत जास्त 15,000 धरतात (2020 ची अधिसूचना). वय 30 असेल तर आकडा 207.98. म्हणजे 7,500 गुणिले 207.98. उत्तर 15,59,850 रुपये. जुन्या कायद्यातलं हेच सूत्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. रक्कम महिन्याभरात जमा केली नाही तर 12 टक्के व्याज. कामगार मंडळाकडे नोंदणीकृत असेल तर कामावरच्या मृत्यूबद्दल मंडळाचे 5 लाख वेगळे.

साडेपंधरा लाखांचा हक्क आणि ओट्यावर बसून मिटवलेले दोन लाख. मधले साडेतेरा लाख कुणाच्या खिशात राहिले, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

१०. मग करायचं काय?

तुमच्यापैकी कुणाचं तरी घर यंदा बांधायला निघणारच. तुमच्या कामाला सुरक्षा कायदा लागत नसेल, तरी खालच्या गोष्टींना परवानगी लागत नाही.

– ठेका ठरवताना परांची, कठडा, भोकांची झाकणं याची रक्कम वेगळी लिहा. ‘त्यात आलंच’ म्हटलं की ते कधीच येत नाही.
– जिना, गॅलरी, गच्ची, डक : स्लॅब झाला की त्याच आठवड्यात तात्पुरता कठडा. बांबूचा चालेल, पण कंबरेइतका आणि पक्का.
– घरावरून किंवा जवळून वीजवाहिनी जात असेल तर खड्डा मारण्याआधी वीज कंपनीकडे अर्ज करा. सळई तारेला लागायला एक क्षण पुरतो.
– दीड मीटरपेक्षा खोल चर किंवा खड्डा असेल तर बाजूंना आधार द्या, माती काठावर रचू नका.
– सेंट्रिंग घाईनं काढायला लावू नका. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस, त्याहून मोठ्याचे 14, मोठ्या बीमचे 21. हे भारतीय मानकात लिहिलेलं आहे.
– नव्या पाण्याच्या टाकीत किंवा सेफ्टी टँकमध्ये फळ्या काढायला एकट्याला कधीच उतरवू नका. आधी झाकण उघडं ठेवून हवा खेळू द्या. आत माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे दुसरा उडी मारतो आणि दोन जातात.
– कामगारांचा गट विमा काढा. ठेकेदाराला विचारा, कागद बघा.

नगरपरिषदा बांधकाम परवानगी देताना पार्किंगचा, उंचीचा, सामासिक अंतराचा नकाशा तपासतात. त्याच अर्जात परांची आणि कठड्याचं एक पान जोडायला सांगितलं तर कुणाचं काय जाणार आहे? उपकराचा पैसा जमा होतोच. त्यातून तालुक्याला भाड्यानं देण्यासाठी लोखंडी परांच्यांचे दहा-वीस संच ठेवले, तर छोट्या मिस्त्रीलाही परवडेल. ही मागणी पुढच्या सर्वसाधारण सभेत करता येण्यासारखी आहे. नगरसेवक मंडळी ही पोस्ट वाचतात हे मला माहितीये.

आणि बातमी वाचणाऱ्यांना एक विनंती. ‘तोल जाऊन पडला’ असं पुन्हा कुठे वाचलंत तर खाली कमेंटमध्ये एवढंच विचारा : तिथे कठडा होता का? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. बातमीदाराला विचारा, पोलिसांना विचारा, मालक ओळखीचा असेल तर त्यालाही विचारा.

तुमच्या गल्लीत आत्ता कुठलं काम चालू आहे? येता-जाता वर बघा. फळ्या किती आहेत ते मोजा, आणि दिसेल ते इथे लिहा.